बेम यांचे नऊ प्रयोग: चाचणी बरोबर असूनही निष्कर्ष का ढासळला

2011 साली ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’ या मानसशास्त्रातल्या मानाच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. लेखक होते कॉर्नेल विद्यापीठातले ज्येष्ठ सामाजिक मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम. माणूस स्वतःचं वागणं पाहून स्वतःची मतं ओळखतो, हा त्यांचा सिद्धान्त एम.ए.च्या विद्यार्थ्यांना परिचयाचा असतो. या निबंधातला दावा मात्र निराळाच होता. पुढे घडणाऱ्या, अजून न घडलेल्या घटनेचा परिणाम माणसाच्या आत्ताच्या वागण्यावर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुराव्यादाखल नऊ प्रयोग होते, त्यांत हजाराहून जास्त जण सहभागी झाले होते आणि नऊपैकी आठ प्रयोगांचे निकाल सांख्यिकीच्या भाषेत ‘सार्थक’, म्हणजे निव्वळ योगायोगाने क्वचितच मिळतील असे होते.

संशोधन पद्धती शिकवताना या प्रकरणाइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही. प्रबंधाचा डेटा हातात आला की आपल्याकडचा विद्यार्थी गाईडला पहिला प्रश्न विचारतो, “सर, आता टेस्ट कोणती लावू?” उत्तर बहुधा एखाद्या तक्त्यातून येतं. दोन गट असतील तर सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट, तीन असतील तर अनोव्हा, वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) नसेल तर मान-व्हिटनी. तक्ता चुकीचा नाही. पण बेम यांनीही तक्त्याप्रमाणे बरोबर चाचणीच वापरली होती. तरीही निष्कर्ष टिकला नाही. का टिकला नाही, हे आकड्यांसकट पाहायला हवं.

पहिल्या प्रयोगापासून सुरुवात करू. कॉर्नेलचे 100 विद्यार्थी, 50 मुली आणि 50 मुलगे. संगणकाच्या स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन पडदे दिसतात. एकामागे चित्र आहे, दुसऱ्यामागे नुसती भिंत. चित्र कुठे आहे ते ओळखायचं. गंमत अशी की विद्यार्थ्याने निवड केल्यानंतर संगणक यादृच्छिक पद्धतीने ठरवतो की चित्र डावीकडे ठेवायचं की उजवीकडे. म्हणजे भविष्य ‘जाणवल्याशिवाय’ बरोबर उत्तरांचं प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपासच राहायला हवं. कामुक चित्रांच्या बाबतीत ते 53.1 टक्के आलं. बाकीच्या चित्रांसाठी ते 49.8 टक्के होतं.

इथे कोणती चाचणी? प्रत्येक विद्यार्थ्याची एक टक्केवारी मिळाली आहे आणि तिची तुलना 50 या ठरलेल्या आकड्याशी करायची आहे. त्यामुळे एक-नमुना टी-चाचणी अगदी योग्य आहे. बेम यांनी तीच लावली. टीचं मूल्य 2.51 आणि पी-मूल्य (परिणाम मुळीच नसताना असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता) 0.01 आलं, परिणामाचा आकार (फरक भागिले प्रमाण विचलन) 0.25 निघाला. वितरणाविषयी शंका राहू नये म्हणून सोबत द्विपद चाचणीही दिली. परीक्षक म्हणून हा भाग माझ्याकडे आला असता तर चाचणीच्या निवडीवर मलाही बोट ठेवता आलं नसतं.

पण आकडे थोडे उलगडून पाहा. फरक 3.1 टक्क्यांचा आणि टी 2.51, म्हणून सरासरीची प्रमाण त्रुटी (फरक भागिले टी) साधारण 1.23. नमुना 100 जणांचा, म्हणून माणसामाणसांतलं प्रमाण विचलन, म्हणजे विखुरणं, सुमारे 12.3. आता दुसऱ्या बाजूने या. 40 विद्यार्थ्यांना प्रत्येकी 12 कामुक चित्रं दाखवली होती आणि 60 विद्यार्थ्यांना प्रत्येकी 18. सगळ्यांनी निव्वळ नाणेफेक केली असती तरी त्यांच्या टक्केवाऱ्यांत विखुरणं आलंच असतं, आणि द्विपद सूत्राने ते काढलं तर साधारण 12.9 येतं. म्हणजे या 100 जणांच्या निकालांतला चढउतार नाणेफेकीतून मिळेल तेवढाच आहे. कोणी फार ‘जाणकार’ आणि कोणी अजिबात नाही, असं चित्र त्यात दिसत नाही. एकूण 1560 उत्तरांपैकी अपेक्षेपेक्षा चाळीस-पन्नास उत्तरं जास्त बरोबर आली, एवढीच काय ती सामग्री. पी-मूल्याकडे नुसतं पाहिलं तर हे ध्यानात येत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना टी आणि पी यांच्या आधी प्रमाण विचलन वाचायला लावते.

वरच्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट निसटू नये. 40 जणांना 12 आणि 60 जणांना 18 चित्रं का? कारण रचना मध्येच बदलली होती. पहिल्या 40 जणांना कामुक, नकारात्मक आणि तटस्थ अशी तीन प्रकारची चित्रं होती. पुढच्या 60 जणांना कामुक आणि कामुक नसलेली सुखद, अशी मांडणी केली गेली. हे बेम यांनी निबंधात उघडपणे लिहिलं आहे, लपवलेलं नाही. तरीही टी-चाचणीचं पी-मूल्य ज्या गृहीतावर उभं असतं, त्याला इथे धक्का बसतो. ‘हा प्रयोग याच पद्धतीने असंख्य वेळा केला तर’ असं पी-मूल्य म्हणतं. पद्धतच वाटेत बदलणार असेल तर ‘याच पद्धतीने’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

आता एकपुच्छी चाचणीचा मुद्दा. ही चाचणी परिणाम एकाच दिशेने शोधते, द्विपुच्छी दोन्ही दिशांनी. बेम यांनी सगळीकडे एकपुच्छी पी-मूल्यं दिली, कारण परिणाम कोणत्या दिशेने जाणार हे आधीच ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं. दिशेबद्दल खरोखर आधी सांगितलेलं असेल तर एकपुच्छी चाचणी नियमात बसते. पण तिची किंमत काय ते पाहू. 100 जणांच्या नमुन्यात 0.05 या सार्थकतेच्या रूढ पातळीवर एकपुच्छी चाचणीला टी 1.66 पुरतो, द्विपुच्छीला 1.98 लागतो. आठव्या प्रयोगाचा टी होता 1.92 आणि पी 0.029. द्विपुच्छी केला की पी होतो 0.058, आणि ‘सार्थक’ हा शब्द गळून पडतो. सहाव्या प्रयोगात दोन चाचण्या होत्या, त्यांची पी-मूल्यं 0.037 आणि 0.041. दुप्पट केली की 0.074 आणि 0.082. म्हणजे शेपटी एक की दोन, एवढ्या एका निर्णयावर नऊपैकी दोन प्रयोगांचं यश अवलंबून होतं. सातव्या प्रयोगात 200 जण असूनही पी 0.096 आलं होतं, ते एकपुच्छीतही अपयशीच होतं.

मला या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखे वाटतात ते आठवा आणि नववा प्रयोग, कारण तिथे चाचणीच्याही आधीचा प्रश्न येतो: मोजायचं काय? विद्यार्थ्याला 48 शब्द दाखवले जातात, मग आठवतील तेवढे लिहायला सांगितले जातात. स्मरणाची परीक्षा संपल्यावर संगणक त्यांतले 24 शब्द यादृच्छिकपणे निवडतो आणि त्यांचा सराव करून घेतो. दावा असा की नंतर ज्यांचा सराव होणार होता, ते शब्द आधीच्या परीक्षेत जास्त आठवतात. परीक्षा झाल्यावर केलेल्या अभ्यासाचे गुण आधीच मिळावेत, असा हा प्रकार.

साधा माणूस काय करेल? सरावाचे आठवलेले शब्द वजा बाकीचे आठवलेले शब्द, आणि त्या फरकावर टी-चाचणी. बेम यांनी हा फरक घेतला, त्याला एकूण आठवलेल्या शब्दांनी गुणलं, आणि येणारी संख्या 576 या कमाल शक्य मूल्याच्या टक्क्यांत मांडली. एका मुलीला सरावाचे 10 आणि इतर 8 शब्द आठवले, तर फरक 2, बेरीज 18, गुणाकार 36. दुसरीला 20 आणि 18 आठवले, तर फरक तोच 2, पण गुणाकार 76. ज्याला जास्त शब्द आठवतात त्याचा फरक जास्त भरवशाचा, म्हणून त्याला वजन जास्त, हे त्यामागचं कारण. कारण पटण्यासारखं आहे. पण साधा फरकही पटण्यासारखा आहे, टक्केवारीतला फरकही आहे, क्रमांकांवर आधारलेली विलकॉक्सन चाचणीही आहे. चार वाजवी मार्ग आणि चार वेगवेगळी पी-मूल्यं. यांतला कोणता घ्यायचा हे डेटा पाहण्याआधी कुठेतरी नोंदवलेलं नसेल, तर छापलेल्या 0.05 चा खरा अर्थ वाचकाला कळायला मार्गच उरत नाही. बेम यांनी बाकीचे मार्ग करून पाहिले असा आरोप मी करत नाही, तसा पुरावा माझ्यासमोर नाही. त्यांच्या प्रामाणिकपणावर सगळं सोडून न देणारी व्यवस्था त्या काळी नव्हती, एवढंच मला दाखवायचं आहे.

बेम यांचा निबंध आला त्याच अंकात त्याला उत्तरही छापलं गेलं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या एरिक-यान वाखनमाकर्स आणि तीन सहकाऱ्यांनी बेम यांचेच टी-आकडे घेतले आणि त्यांवर बेज पद्धतीची टी-चाचणी लावली. पी-मूल्य एकच प्रश्न विचारतं: परिणाम मुळीच नसेल तर असा किंवा याहून टोकाचा डेटा किती दुर्मीळ? बेज फॅक्टर दोन बाजू तोलतो: परिणाम असण्याच्या बाजूने हा डेटा किती संभवतो, आणि नसण्याच्या बाजूने किती? नऊ प्रयोगांतल्या दहा चाचण्यांची ही तुलना पाहून त्या वेळी अनेकांना धक्का बसला. फक्त नवव्या प्रयोगात परिणामाच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा निघाला, साधारण सहास एक. सहा चाचण्यांत पुरावा इतका कमकुवत की इकडे ना तिकडे. उरलेल्या तीन चाचण्यांत, म्हणजे सहाव्या प्रयोगाच्या दोन आणि सातव्याची एक, डेटा परिणाम नसण्याच्या बाजूने झुकत होता. पी 0.037 म्हणजे सार्थक, आणि त्याच आकड्यांचा बेज फॅक्टर शून्य परिकल्पनेच्या, म्हणजे परिणाम नसण्याच्या, बाजूने सुमारे तीनास एक! नमुना 150 जणांचा असताना परिणाम खरा असता तर टी याहून मोठा यायला हवा होता, हे पी-मूल्य विचारातच घेत नाही.

म्हणून बेज पद्धत लावली की प्रश्न मिटतो का? नाही, आणि हा भाग घाईत वगळला जातो. बेम यांनी जेसिका अट्स आणि वेस्ली जॉन्सन या संख्याशास्त्रज्ञांसोबत उत्तर दिलं. अट्स पुढे 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या, त्यामुळे हे उत्तर हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. त्यांचा मुद्दा असा: वाखनमाकर्स यांनी पर्यायी परिकल्पनेत परिणामाचा आकार फार मोठाही असू शकतो असं धरलं आहे. मानसशास्त्रात इतके मोठे परिणाम क्वचितच दिसतात. लहान परिणाम अपेक्षित धरले तर बेज फॅक्टर वेगळे येतात, आणि सगळे प्रयोग मिळून पुरावा दाव्याच्या बाजूने भक्कम होतो. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. पूर्वधारणा, म्हणजे परिणाम केवढा असू शकतो याचा आधीचा अंदाज, कोणती घ्यायची, हाही एक निर्णयच आहे, आणि तोही डेटा पाहून घेतला तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. एसपीएसएस या नेहमीच्या सांख्यिकी सॉफ्टवेअरऐवजी दुसरं उघडून बेज फॅक्टर छापला की आपण शुद्ध झालो, अशी समजूत हल्ली काही प्रबंधांत दिसते, तिला या वादातच उत्तर आहे.

त्याच 2011 मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमनसोन यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये हा निर्णयांचा प्रश्न आकड्यांत मांडला. त्यांनी संगणकावर असा डेटा तयार केला ज्यात कोणताही परिणाम नव्हता, आणि मग संशोधकाला चार साध्या सवलती दिल्या. दोन मापनांपैकी जे जुळेल ते दाखवायचं. निकाल सार्थक आला नाही तर प्रत्येक गटात आणखी 10 जण घ्यायचे. लिंग हा घटक विश्लेषणात घ्यायचा की नाही ते नंतर ठरवायचं. तीन गटांपैकी एक गाळायची मोकळीक ठेवायची. एकेक सवलत घेतली तर खोटा सार्थक निकाल मिळण्याचं प्रमाण 5 टक्क्यांवरून 7.7 ते 12.6 टक्क्यांपर्यंत जातं. चारही एकत्र घेतल्या तर 60.7 टक्के. मग त्यांनी खऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवला: 20 जणांना एक ना एक गाणं ऐकवलं, वडिलांचं वय सहचल (हिशेबात धरायचा जोडघटक) म्हणून घेऊन सहप्रसरण विश्लेषण केलं, आणि पी 0.04 ने सिद्ध झालं की ठरावीक गाणं ऐकल्याने माणसाचं खरं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं. विश्लेषणाचं नाव बरोबर, सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि निष्कर्ष अशक्य.

आपल्या विभागांत हे सगळं रोज घडतं, आणि फसवण्याच्या हेतूने नाही. प्रश्नावलीचे पाच उपघटक, मुलं-मुली, शहरी-ग्रामीण, सगळ्या जोड्यांवर टी-टेस्ट, आणि जिथे सार्थकतेची खूण म्हणून तारा (*) दिसतो ते गृहीतक प्रकरण चारमध्ये आधीपासूनच होतं असं लिहिलं जातं. बेम यांनीच लेखनाविषयीच्या आपल्या एका प्रसिद्ध प्रकरणात तरुण संशोधकांना सांगितलं होतं की डेटा सर्व बाजूंनी उलटापालटा करून पाहा, त्यातून नवं काही निघालं तर निबंध त्याभोवती बांधा. शोध घेण्याच्या टप्प्यावर हा सल्ला मोलाचा आहे, मी स्वतः तो देते. पण शोधलेल्या गोष्टीची पडताळणी त्याच डेटावर करता येत नाही. मग नवा नमुना लागतो. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी डेटा गोळा करण्याआधी एका पानावर लिहून घेते: मुख्य मापन कोणतं, ते कोणत्या सूत्राने काढणार, चाचणी कोणती, शेपट्या किती, किती जण झाल्यावर थांबणार, कोणाला वगळणार आणि का. पान भरताना त्यांना जड जातं. विश्लेषणाच्या वेळी मात्र तक्ता उघडायची गरज पडत नाही.

बेम यांच्या बाबतीत नव्या नमुन्यांवर काय झालं? स्टुअर्ट रिची, रिचर्ड वाइजमन आणि ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी ब्रिटनमध्ये तीन ठिकाणी प्रत्येकी 50 जणांवर नववा प्रयोग जसाच्या तसा केला. तिन्ही मिळून एकपुच्छी पी 0.83. मूळ नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, कारण पुनरावृत्ती आम्ही छापत नाही असं त्यांचं धोरण. तो 2012 मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आला. त्याच वर्षी जेफ गलाक आणि सहकाऱ्यांचे 3289 जणांवरचे सात प्रयोग अखेर मूळ नियतकालिकातच छापले गेले. परिणामाचा सरासरी आकार 0.04, शून्यापासून वेगळा न काढता येणारा. पुनरावृत्ती न छापण्याचं ते धोरण मला आजही खटकतं. सार्थक निकालाला दार उघडं आणि त्याच्या तपासणीला बंद, अशा ठिकाणी चाचण्यांच्या अचूकतेवर कितीही मेहनत घेतली तरी वाचकापर्यंत पोचणारं चित्र वाकडंच राहतं.

बेम यांनी माघार घेतली नाही. पॅट्रिझिओ ट्रेसोल्डी आणि इतरांसह त्यांनी 14 देशांतल्या 33 प्रयोगशाळांचे 90 प्रयोग एकत्र करून मेटा-विश्लेषण केलं. परिणामाचा आकार 0.09, लहान पण त्यांच्या हिशेबाने निर्विवाद सार्थक. मेटा-विश्लेषण हीही एक चाचणीच, आणि तिच्यात जे येतं ते आधीच निवडून आलेलं असतं. तरी त्यातला एक तपशील थांबून पाहावा असा आहे. झटपट प्रतिक्रियांचे प्रयोग वेगळे काढले तर आकार 0.11. सावकाश विचार लागणाऱ्या प्रयोगांचा आकार 0.03, आणि तो सार्थक नाही. शब्दस्मरणाचे प्रयोग या दुसऱ्या गटातले. म्हणजे मूळ निबंधात पी आणि बेज या दोन्ही कसोट्यांवर सर्वांत भक्कम ठरलेला नववा प्रयोग ज्या जातीचा, तीच जात बेम यांच्या स्वतःच्या मेटा-विश्लेषणात रिकामी निघाली. त्या नवव्या प्रयोगात 50 जणांवर मिळालेला 0.42 हा परिणामाचा आकार किती हलका होता, ते इथे कळतं.

2023 मध्ये झोल्टान केकेच आणि अनेक प्रयोगशाळांच्या गटाने पहिला पडद्यांचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी दावा मानणारे आणि न मानणारे, दोघांनी मिळून आराखडा ठरवला होता. किती उत्तरं जमल्यावर थांबून निकाल पाहायचा ते टप्पे आधीच छापलेले होते. बेज विश्लेषणासाठी एकाऐवजी तीन पूर्वधारणा घेतल्या होत्या, त्यांत बेम-अट्स-जॉन्सन यांना पसंत असलेलीही होती, आणि सगळ्यांचा कौल एकाच बाजूला पडला तरच निष्कर्ष काढायचा असं ठरलं होतं. प्रत्येक उत्तर नोंदवलं जाताच सर्वांना खुल्या असलेल्या भांडारात जमा होत होतं, म्हणजे नंतर कोणाला गाळायची सोयच नव्हती. पहिल्याच टप्प्यावर, 37,836 उत्तरांनंतर, काम थांबवता आलं. बरोबर उत्तरांचं प्रमाण 49.89 टक्के होतं.